सनद हातात आली, आता नागपुरात काम कुठे शोधायचं?

दर वर्षी निकाल लागला की माझ्या ऑफिसात तीन-चार मुलंमुली येऊन बसतात. फाइल छातीशी धरलेली, प्रश्न ठरलेला: "सर, ज्युडिशियरीचा अभ्यास करू, प्रॅक्टिस करू, की कंपनीत जाऊ?" मी उलट विचारतो, "पुढची दोन वर्षं घरून महिन्याला किती पैसे येतील?" पोरं गांगरतात. करिअरचा सल्ला मागायला आलो आणि हे सर हिशेब काय विचारतात! पण या शहरात वकिलीची वाट आधी खिशावरून ठरते, आवड त्याच्या मागून येते. हे कॉलेजात कोणी सांगत नाही, म्हणून लिहितोय.

मी उमरेडचा. घरात वकील कोणी नाही. पहिल्या सीनियरकडे आठ महिने एक रुपया मिळाला नाही. दिवाळीला पाकीट मिळालं, त्यात दीड हजार. मी ते खोलीवर जाऊन दोनदा मोजले. सीनियर वाईट नव्हते, त्यांनाही त्यांच्या सीनियरने असंच वागवलं होतं. चूक माझी, की पहिल्या दिवशी पैशाचं विचारलंच नाही.

आधी वहीवर हिशेब मांडा

खोलीभाडं, मेस, पेट्रोल किंवा मेट्रोचा पास, झेरॉक्स, मोबाइल, आणि गावाकडचं काही देणं असेल तर तेही. खाली बेरीज करा आणि ठरवा, की घरच्या आधारावर हे किती महिने चालेल.

दोन वर्षं चालणार असेल, तर कोर्टात उभं राहा. सहा-आठ महिनेच चालणार असेल, तर जिल्हा न्यायालय धरा आणि पहिल्या भेटीतच सीनियरशी मानधनाचं बोला. अजिबात चालणार नसेल, तर आधी पगाराची नोकरी शोधा, त्यात कमीपणा काही नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून ज्युनियरला शहरी भागात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये महिना द्यावा अशी शिफारस केली आहे. शिफारस म्हणजे शिफारस, ती कुणावर बंधनकारक नाही. तरी बोलणी करताना आकडा माहीत असलेला बरा.

अजून कॉलेजात असाल तर इंटर्नशिप नीट वापरा. नियमाने तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान २० आठवडे करावीच लागते. बहुतेक जण शेवटच्या सत्रात ओळखीच्या काकांकडून सर्टिफिकेट आणतात. ते काका तुम्हाला पुढे ज्युनियर म्हणून ठेवणार आहेत का? नसतील तर तो कागद घरीच ठेवावा लागेल. चार आठवडे जिल्हा न्यायालयातल्या फौजदारी वकिलाकडे, चार आठवडे हायकोर्टात, चार एखाद्या न्यायाधिकरणात, असं वाटून घ्या. कोणत्या खोलीत आपल्याला झोप येते आणि कोणत्या येत नाही, हे तिथेच कळतं.

सनद: फी, नावाचं स्पेलिंग आणि दोन वर्षांची घंटा

सनदेचा, म्हणजे वकिलीच्या परवान्याचा, अर्ज महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे करायचा. पूर्वी फीच्या नावाखाली राज्याराज्यात हजारो रुपये घेतले जायचे. ३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अधिवक्ता अधिनियम १९६१ मध्ये जेवढी फी लिहिली आहे तेवढीच घ्यायची: खुल्या प्रवर्गाला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातीला १२५.

अर्ज अडकतो तो बहुधा नावावरून. दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव एका स्पेलिंगने, पदवीवर दुसऱ्याने, आधारवर तिसऱ्याने. मुलींचं लग्नानंतरचं नाव हा आणखी एक घोळ. हे निकालाची वाट बघता बघताच दुरुस्त करून ठेवा.

सुरुवातीला मिळते ती तात्पुरती सनद. तिच्यावर दोन वर्षांत एआयबीई म्हणजे अखिल भारतीय बार परीक्षा पास व्हावं लागतं. शंभर वस्तुनिष्ठ प्रश्न, साडेतीन तास, निगेटिव्ह मार्किंग नाही. खुल्या आणि ओबीसी प्रवर्गाला ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना ४० टक्के. टिपा नसलेले, नुसती कलमं छापलेले बेअर अ‍ॅक्ट आत नेता येतात. तेवढ्यावर विसंबून अभ्यास टाळणारे मी नापास झालेले पाहिलेत. कलम कुठे आहे हे माहीत असेल तरच पुस्तक उपयोगी पडतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू आहेत, पण त्याआधीच्या गुन्ह्यांचे खटले अजून कोर्टात आहेत. म्हणून जुनी आणि नवी कलमं समोरासमोर लिहिलेली एक वही करा. परीक्षेलाही कामाची, कोर्टातही.

कुठल्या इमारतीत बसायचं?

नागपूरचं भाग्य असं, की सगळं जवळजवळ आहे. सिव्हिल लाइन्समध्ये उच्च न्यायालयाचं खंडपीठ, चालत जाण्याच्या अंतरावर जिल्हा व सत्र न्यायालय. कौटुंबिक न्यायालय, कामगार न्यायालय, औद्योगिक न्यायालय, सहकार न्यायालय शहरातच. शिवाय कर्जवसुली न्यायाधिकरण, महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचं खंडपीठ म्हणजे आपलं 'मॅट', आयकर अपील न्यायाधिकरणाचं खंडपीठ, रेल्वे दावे न्यायाधिकरण. एवढं मुंबई सोडली तर राज्यात फार थोड्या शहरांत सापडेल.

खंडपीठाकडे विदर्भाचे अकराही जिल्हे येतात, बुलढाण्यापासून गडचिरोलीपर्यंत. म्हणून इथली कामंही विदर्भाची: जात पडताळणी समितीच्या आदेशांविरुद्धच्या याचिका, शिक्षकांच्या मान्यतेचे आणि नोकरीचे वाद, गोसेखुर्दसारख्या प्रकल्पांतल्या भूसंपादनाच्या मोबदल्याची अपिलं, जंगल आणि खाणींचे विषय. इथलं काम इंग्रजीत, आणि त्यातलं निम्मं ऑफिसात बसून ड्राफ्टिंग. नवख्याला तोंड उघडायला वर्ष लागतं. पैसा हळू येतो, पण लिहिणं घडतं.

जिल्हा न्यायालयात कारभार मराठीतही चालतो. साक्षीदार, उलटतपास, जामीन, मोटार अपघात दावे, पोटगी, आणि चेक न वटल्याचे खटले. कलम १३८ खालच्या या खटल्यांवर नागपुरात कित्येक ज्युनियरांची चूल पेटते. त्याची तीस-पंधरा-तीस पाठ करून टाका: बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला १५ दिवस, ते संपल्यावर महिनाभरात तक्रार. एक तारीख चुकली की अशील आयुष्यभर तुमचं नाव घेतो, चांगल्या अर्थाने नाही.

माझं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं जिल्हा न्यायालय. ज्याने साक्षीपुरावा होताना पाहिलाच नाही, तो हायकोर्टात अपिलाचा पेपरबुक वाचतो खरा, पण कागदामागचा माणूस त्याला दिसत नाही. माझे हायकोर्टातले मित्र हे मानत नाहीत. त्यांचं त्यांना लखलाभ.

न्यायाधिकरणांकडे मात्र मुलं बघतच नाहीत आणि तिथे गर्दी कमी आहे. बँकांची कामं करणाऱ्या वकिलाकडे कर्जवसुलीचा ज्युनियर, 'मॅट'मध्ये बदल्या-बढत्यांची कामं करणाऱ्याकडे ज्युनियर, या जागांना मागणी असते. विषय आटोपशीर, पक्षकार फी देणारा. कंपनी कायद्याची हौस असेल तर मात्र एनसीएलटी, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण, मुंबईत आहे, नागपुरात नाही, हे लक्षात ठेवून बेत आखा.

सीनियर कसा शोधायचा

जाहिरात येत नाही, हे आधी पक्कं करा. नोकरीच्या ॲपवर 'नागपूर, वकील' टाकून बसाल तर वसुली एजंटांचे फोन येतील.

पंधरा दिवस रोज कोर्टात जा. आदल्या रात्री दुसऱ्या दिवसाचं बोर्ड, म्हणजे खटल्यांची यादी, ऑनलाइन लागतं, ते उतरवून घ्या. ज्या विषयाची आवड आहे त्या मॅटरमध्ये कोणाची नावं पुन्हा पुन्हा येतात, त्यांवर खूण करा. मग त्या कोर्टरूममध्ये मागे जाऊन बसा. युक्तिवाद तर ऐकाच, पण दोन गोष्टी खास बघा. मॅटर पुकारल्यावर हे वकील स्वतः उभे राहतात की ज्युनियरला उभं करतात? आणि ज्युनियरच्या हातून कागद मिळायला उशीर झाला तर सगळ्यांसमोर काय बोलतात? पंधरा दिवसांत पाच-सहा नावं उरतील.

नंतर त्यांच्या ज्युनियरांशी बोला. कोर्टाबाहेरच्या टपरीवर चहा किंवा तर्री पोहा एवढीच गुंतवणूक. "भाऊ, सर पैसे देतात का?" हे सरळ विचारायचं. नागपूरची माणसं या बाबतीत मोकळी आहेत, वर दोन गोष्टी जास्तीच्या सांगतील. मुलींनी तिथल्या ज्युनियर मुलींशीच बोलावं: ऑफिस रात्री कितीला सुटतं, उशीर झाला तर घरी जायची सोय काय, पक्षकारांसमोर कसं वागवलं जातं. आधी ज्युनियर मुली होत्या आणि सगळ्या वर्षभरात सोडून गेल्या, असं कळलं तर ते नाव खोडा. कारण विचारत बसू नका.

मग निरोप. 'रिस्पेक्टेड सर' ने सुरू होणारा, वीस जणांना एकदम पाठवलेला बायोडेटा कोणी उघडत नाही. एवढं पुरतं:

"नमस्कार सर. मी अमुक. यंदा एलएल.बी. झालं, सनदेचा अर्ज केला आहे. परवा भूसंपादनाच्या अपिलात तुमचा युक्तिवाद ऐकला. तुमच्याकडे ज्युनियर म्हणून काम शिकायचं आहे. रोज सकाळी दहा ते रात्री आठ येऊ शकतो. मराठी आणि इंग्रजी टायपिंग येतं. दहा मिनिटं भेटायला कधी येऊ?"

टायपिंगची ओळ गाळू नका. मला स्वतःला दोन ज्युनियर त्या एका ओळीवर घ्यावेसे वाटले.

वेळ निवडताना डोकं वापरा. सकाळी कोर्टाच्या आवारात अडवू नका. त्या वेळी वकिलाच्या डोक्यात बोर्ड असतं. धरमपेठ, रामदासपेठ, सिव्हिल लाइन्सकडची ऑफिसं संध्याकाळी भरतात, तेव्हा जा. मे महिन्यात जाऊ नका, सुट्ट्या असतात. सुट्टी संपून कोर्ट उघडलं की कामाचा ढीग पडलेला असतो आणि हात कमी असतात. तेव्हा गेलात तर 'उद्यापासून या' हे उत्तर मिळण्याची शक्यता जास्त.

भेटीत तीन गोष्टी विचाराच: महिन्याला काय मिळेल, स्वतःच्या ओळखीचं एखादं प्रकरण आलं तर ते स्वतःच्या नावावर घेता येईल का, आणि परीक्षेच्या वेळी सुट्टी मिळेल का. "बघू पुढे" असं उत्तर आलं तर म्हणा, "सर, तीन महिन्यांनी पुन्हा विचारू का?" आणि तीन महिन्यांनी खरंच विचारा.

पहिले तीन महिने

हायकोर्टाच्या ऑफिसात असाल, तर तुमचं पहिलं काम ऑब्जेक्शन काढणं, म्हणजे त्रुटी दूर करणं. याचिका दाखल झाली की रजिस्ट्री तपासते आणि त्रुटी दाखवते: पानांना क्रमांक नाहीत, जोडपत्र वाचता येत नाही, मराठी कागदाचं इंग्रजी भाषांतर नाही, कोर्ट फी कमी, वकालतनाम्यावर कल्याण निधीचं तिकीट नाही. मुलांना हे कारकुनी काम वाटतं. पण ज्याने शंभर याचिकांची ऑब्जेक्शनं काढली, त्याने शंभर याचिका पानापानाने वाचल्या. असा अभ्यासक्रम कुठल्या विद्यापीठात आहे?

जिल्हा न्यायालयात पहिलं काम म्हणजे तारीख घेणं. हे सोपं वाटतं आणि तिथेच घात होतो. माझा झाला. सीनियर दुसऱ्या कोर्टात अडकलेले, मला म्हणाले, "जा, तारीख घेऊन ये." समोरच्याने त्या दिवशी दाव्यात दुरुस्तीचा अर्ज दिला. न्यायाधीशांनी माझ्याकडे बघून विचारलं, "से?" म्हणजे यावर तुमचं म्हणणं काय. मला वाटलं, दुरुस्तीच तर करतायत, करू द्या. अर्जावर लिहिलं, 'हरकत नाही'. संध्याकाळी सीनियरनी ते वाचलं आणि ओरडले नाहीत. म्हणाले, "आता त्या दुरुस्तीला उत्तर म्हणून जास्तीची कैफियत तूच लिही." अकरा पानं झाली, चारदा परत आली.

अशा वेळी लिहायचं एवढंच: 'प्रत मिळाली. से देण्यासाठी वेळ मिळावा.' खाली सही, तारीख. हे वाक्य डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

डायरी कागदी ठेवा. ई-कोर्ट्स ॲपवर खटल्याचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख दिसते, ते वापराच. पण आज कोर्टात नक्की काय घडलं, कोण हजर होतं, न्यायाधीश काय बोलले, हे ॲप सांगत नाही.

परीक्षा देणाऱ्यांसाठी

दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी, म्हणजे बोलीत 'जेएमएफसी', ही परीक्षा एमपीएससी घेते. पूर्व १०० गुणांची, मुख्य दोन पेपर मिळून २०० ची, मुलाखत ५० ची. कॉलेज संपलं की खोली घेऊन दोन वर्षं नुसता अभ्यास, हा पूर्वीचा मार्ग होता. २० मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. ते पीठ होतं तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांचं, म्हणजे आपल्याच खंडपीठात उभं राहून घडलेल्या वकिलाचं.

त्या निकालातल्या दोन गोष्टी विद्यार्थ्यांच्या फायद्याच्या आहेत. ही तीन वर्षं तात्पुरत्या सनदेच्या तारखेपासून मोजायची, एआयबीईच्या निकालापासून नाही. म्हणून सनदेचा अर्ज लांबवू नका. आणि न्यायमूर्तींकडे लॉ क्लर्क म्हणून केलेलं कामही धरलं जातं. उच्च न्यायालय ठरावीक मुदतीसाठी लॉ क्लर्क घेतं, त्याच्या जाहिराती न्यायालयाच्या संकेतस्थळावर बघत राहा. मानधन ठरलेलं, आणि निकाल आतून कसा घडतो ते बघायला मिळतं. अभ्यासू मुलांसाठी याहून चांगली जागा मला ठाऊक नाही.

अनुभवाचा दाखला दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाकडून आणि त्यावर न्यायिक अधिकाऱ्याची मान्यता, अशी पद्धत निकालात सांगितली आहे. म्हणजे नुसतं नावाला कुणाच्या ऑफिसात असणं चालणार नाही. तुमचं नाव असलेले वकालतनामे, हजेरी नोंदलेले रोजनामे, आदेशांच्या प्रती पहिल्या दिवसापासून एका फाइलीत लावा.

सहायक सरकारी अभियोक्ता हे पदही एमपीएससीतून भरतात. जाहिरातीतली अनुभवाची अट नीट वाचून मगच अर्ज करा.

पगार हवा असेल तर

बँकांत विधी अधिकारी पद आयबीपीएसच्या स्पेशालिस्ट ऑफिसर परीक्षेतून भरतात. कायद्याची पदवी आणि सनद लागते, वय २० ते ३०. काही सरकारी कंपन्या क्लॅट पीजी या एलएल.एम.च्या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर विधी विभागात घेतात. वेकोलि (कोळसा) आणि मॉइल (मँगनीज) या सरकारी खाण कंपन्यांची मुख्यालयं नागपुरातच, महामेट्रोचंही. नागपूर सुधार प्रन्यास (नासुप्र), महापालिका यांच्याकडे वकिलांची पॅनेलं असतात. तिथे नवख्याचं नाव लगेच लागत नाही, पण पॅनेलवरच्या वकिलाकडे ज्युनियर म्हणून शिरता येतं. गवई साहेबही महापालिकेचे वकील, मग सहायक सरकारी वकील, मग सरकारी वकील अशाच पायऱ्यांनी गेले.

एक वाट मुलं विसरतात: विधी सेवा प्राधिकरण. 'नालसा' म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या लीगल एड डिफेन्स कौन्सिल योजनेत सहायक पदासाठी नवे वकील घेतात, दरमहा मानधन असतं आणि गरीब आरोपींच्या फौजदारी केसेस थेट हातात येतात. जिल्हा प्राधिकरणाच्या सूचना फलकावर आणि संकेतस्थळावर लक्ष ठेवा.

मात्र पूर्णवेळ पगारी नोकरी आणि वकिली एकत्र चालत नाही. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे नोकरी लागली की कळवून सनद स्थगित करावी लागते. 'कोणाला कळतंय' म्हणून दोन्ही चालवणारे असतात, आणि न्यायाधीशपदाच्या चारित्र्य पडताळणीत नेमके अडकतात.

आणखी एक. ९९९ रुपये भरा, ऑनलाइन इंटर्नशिप करा, सर्टिफिकेट मिळवा, अशा जाहिराती रोज येतात. तुम्ही काम करायचं आणि पैसेही तुम्हीच द्यायचे? ज्या कामासाठी तुमच्याकडे पैसे मागतात ते काम नव्हे.

जाता जाता, कोट

नव्या मुलांचा पहिला मोठा खर्च म्हणजे कोट. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या घरात जातो, म्हणून हलक्या कापडाचा शिवून घ्या, तयार जाड कोट घेऊ नका. उन्हाळ्यात जिल्हा न्यायालयात काळा कोट सक्तीचा नाही, हायकोर्टात मात्र आहे. गाऊन हायकोर्टात लागतोच. बँड दोन ठेवा, एक अंगावर आणि एक बॅगेत. विसरलात तर बार रूममध्ये विचारा, कुणाच्या तरी बॅगेत जादाचा सापडतो. माझे असे चार गेलेत, त्यामुळे संध्याकाळी आठवणीने परत आणून द्या.